व्हिसा लागत नाही

व्हिसा लागत नाही, असं पुष्पा फोनवर म्हणाली
तेव्हा आई विडीच्या पानावर कात्री चालवत होती.
हात न थांबवता म्हणाली,
मग काय लागतं?

अशोक चौकात माझं झेरॉक्सचं दुकान आहे.
कशाला काय लागतं, हे सांगण्यावरच माझं पोट चालतं.
रेशनकार्डाला काय, उत्पन्नाच्या दाखल्याला काय,
मयताच्या दाखल्याला काय.
पण जिथं काही लागत नाही
तिथं काय लागतं, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

पासपोर्ट तिथं उतरल्यावर
पुढं सहा महिने तरी जिवंत पाहिजे.
पासपोर्टचं सोड, आई म्हणाली, मी?
पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन कार्ड भरायचं,
त्याच्या आधी चालत नाही.
पुष्पाचा पत्ता, तिच्या सहीचं पत्र,
आणि पुरेसे पैसे.
पुरेसे म्हणजे किती, ते स्वच्छ असं कुठं लिहिलेलं नाही.
म्हणून साडीच्या घडीतले, तांदळाच्या डब्यातले,
विडी कारखान्याच्या फंडातले
सगळे एका खात्यात भरले, स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का घेतला.
आईनं तो कागद उजेडाकडं धरला.
वाचता येत नाही, म्हणाली,
पण भरलेला दिसतोय.

पासपोर्टच्या वेळी तिचे ठसेच उमटत नव्हते.
चाळीस वर्षं पान दुमडून दुमडून
बोटांवरच्या रेघा पानांनी नेल्या.
काचेवर अंगठा ठेवला की मशीन म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा.
पुन्हा, पुन्हा.
सातव्या वेळी उजवी करंगळी तेवढी
तिच्या बाजूनं साक्ष देऊन गेली.

रात्री मी साहेब झालो.
लोखंडी कपाटाला पाठ लावून, शिलाई मशीन पुढ्यात घेऊन.
क्यों आये?
बेटी को देखने.
शाब्बास. कितने दिन?
बघू.
बघू नाही आई. आठ दिवस म्हण.
कितने दिन?
आता तेलुगूत म्हणाली, चूद्दाम.
आई!
किती विचारलालास रे,
लेकीच्या घरी दिवस मोजून कोण जातं?

तिचा आजा, राजय्या मेरगू,
करीमनगरकडनं चालत आला होता सोलापूरला.
सहा महिने मिलमध्ये काम करतो,
पैसे घेऊन माघारी येतो, असं बायकोला सांगून.
वेशीवर त्याला कुणी अडवलं नाही.
कुठं उतरणार, खिशात किती,
माघारी कशानं जाणार,
कुणी काही विचारलं नाही.
मागाहून बायको आली, मग तिची बहीण,
मग बहिणीच्या गावचं अर्धं गाव.
ते सहा महिने अजून संपलेले नाहीत.
शेजारी बोल्लींचे संपले नाहीत, पलीकडच्या चिप्पांचे नाहीत.
परतीचं तिकीट बघून आत सोडलं असतं
तर साखर पेठेत आज बाभळी असत्या.

हे मी आईला सांगितलं नाही.
परतीचं तिकीट छापलं, दोन प्रती,
एक पर्समध्ये, एक पोटाशी.
दुसऱ्या दिवशी बघतो तर पोटाशी ठेवायची प्रत
तिनं बारीक गुंडाळून
लाल दोरा बांधून ठेवलेली.
सवयीचा हात, दुसरं काय.
मी दोरा सोडला, कागद सरळ केला, लॅमिनेट केला.

निघायच्या आदल्या रात्री बॅग काट्यावर ठेवली.
तीन साड्या. गुडघ्याचं तेल.
पुष्पाच्या पोरासाठी टॉवेलचा जोड, कडेला मोर असलेला.
शेंगाचटणी, दोन किलो.
आणि कडक भाकरी. मोजल्या. साठ.

आठ दिवस ना, मी विचारलं.
आठ दिवस, आई म्हणाली,
साहेबापुढं म्हणावं तसं, एका दमात, न अडखळता.

कडक भाकरी दोन महिने टिकते.
मी चेन लावली.