हात, पाय, तोंड

नव्या पोराला मी पहिल्या दिवशी एवढंच विचारते:
हात खंय? पाय खंय? तोंड खंय?
पोर बोट दाखवतं,
झाली आमची अंगणवाडी सुरू.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं
तेव्हा मला हसूच आलं.
हात, पाय, तोंड.
"असंच म्हणतात," त्या म्हणाल्या, "साधा विषाणू. आठ दिवसांत जाईल."

सोमवारी लौकिक कुबल पेजेला तोंड लावीना.
हनुवटीवर लाळेची धार, तळहातांवर
भिजलेल्या साबुदाण्यासारखे फोड.
बुधवारी मेल्विन,
गुरुवारी तांडेलांच्या जुळ्या, दोघी एकदम.
"देवी इली," लौकिकची काकी म्हणाली.
दारावर कडुनिंब, घरात फोडणी बंद,
बांगडा ढिगानं उतरत असताना
सर्जेकोटात चार चुलींवर नुसती पेज.

मी निंबाला हात लावला नाही.
म्हटलं, पेज गार करून द्या. शहाळं द्या.
लघवी होते ना बघा.
मान ताठ वाटली, पोर झोपेतून जागं होईना,
तर भरतीओहोटी बघू नका, सरळ मालवण गाठा.

मग रबरी बदक, बिनचाकाची मोटार, अठ्ठावीस ठोकळे
ब्लीचिंगच्या पाण्यात.
बदक वाळलं सुकटाच्या दोरीवर,
मांजर त्याच्याकडे दोन दिवस बघत बसलं.

कोणी आणला, यावरून नळावर भांडण.
मेल्विनची आई म्हणे कुबलांनी,
कुबल म्हणत गणपतीला आलेल्या मुंबईकरांनी.
मी गप्प.
ज्याला काहीच होत नाही त्याच्याही हातून जातो तो.
शी धुताना, नाक पुसताना,
घास भरवताना.
आठवडाभर मी स्वतःचे हात
चोरीचे असल्यासारखे घासत होते.

बाई बोलता बोलता बोलून गेल्या,
"पोलिओच्याच कुळातला आहे हा."
आणि माझ्या पायाकडे नजर जाताच
उगाच कागद चाळू लागल्या.

भावकी कळते हो आम्हाला.
एक भाऊबंद दारात शिव्या घालून जातो,
दुसरा जमीन घेतो.

मी तीन वर्षांची. बाबा रापणीवर.
ताप उतरला आणि उजवा पाय उठलाच नाही.
आईनं मला कमरेपर्यंत ऊन वाळूत पुरलं,
रोज दुपारी, महिनाभर, कोणी सांगितलं म्हणून.
मोरीच्या तेलाचा वास मला अजून येतो.
खेकडे जवळ यायचे, ती चपलेनं हाकलायची,
म्हणायची, हलतांहा गो, माका दिसतां.
हलत नव्हता.

दिवाळीनंतर लौकिक खुरडत्या चपला घालून आला,
अंगानं भरलेला, खोडकर, पूर्वीसारखा.
मूठ पुढे केली.
"बाय, नख पडला."
दुखलं नाही म्हणे. आपोआप सुटलं.
फोड गेल्यावर महिन्यानं असं होतं कधी कधी,
बाईंनी सांगून ठेवलं होतं,
तरी छातीत धस्स झालं.

करंगळीचं नख.
त्यावर माझ्याच हातची जांभळी रेघ,
गणपतीआधीच्या रविवारी दोन थेंब पाजून ओढलेली,
आता टोकाकडे सरकलेली.

खाली नवं नख येत होतं,
तिसरीच्या पिल्लाच्या शिंपल्याइतकं पातळ.
मी त्यावर फुंकर घातली. का, माहीत नाही.
तो हसला, हात सोडवून पळाला
जिन्यावरून, दोन दोन पायऱ्या,
आणि मी ओरडले,
सावकाश रे मेल्या, पाय मोडशीत.