चार दगड

मुकटी गाव मागं पडलं
आणि गाडी खोकली. दोनदा.
मग कुणी तोंडावर उशी दाबावी तशी गप्प.
उतार होता तेवढा उतारानं नेली,
कडेच्या निंबाखाली आणून सोडली.

रात्रीचे अडीच. मे महिना.
डांबर अजून दुपार धरून बसलेलं,
खाली पाठ टेकली तर बनियन चिकटलं.
मागं सावद्याची केळी, हिरवीगार,
आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं
की थांबायचंय.

मागचा दिवा दिवाळीपासून बंद.
म्हणून सुपडूनं दगड आणले.
तीस पावलं मागं, तिरप्या ओळीत, चार.
पुढं निंबाची फांदी.

एकोणनव्वदची गाडी.
केबिनमध्ये बायकोचा फोटो नाही, सासऱ्यांचा आहे;
जामीन ते राहिले होते.
त्यांच्याकडं न बघता मी बॉनेट उघडलं.

डिझेलच्या पाइपाला केसाएवढी चीर.
गळत नव्हतं फारसं,
हवा आत शिरत होती.
मोठं काही मोडलं असतं तर शिव्या देता आल्या असत्या.
हवेला काय देणार?

शेतातून उजेड हलत आला.
झिपरू आप्पा, रात्रीच्या विजेवर
कापसाला पाणी भरणारे.
न विचारता उजेड धरला, पाइपाकडं बघितलं,
आणि पंपाच्या खोलीतून घेऊन आले
कपड्याच्या साबणाचा निम्मा तुकडा,
सायकलच्या ट्यूबची पट्टी.
"घरवाली इचारी, साबण कोठे गया?
सांगसू, केळीसनी गाडीनी खादा."
तेवढ्यात त्यांचं पाणी सरीबाहेर गेलं
आणि ते धोतर सावरत पळाले.
आभार मानायचे राहिले.

साबण चिरेत भरला, वर पट्टी, वर तार.
सुपडू हातपंप मारत राहिला,
मी स्क्रू सैल करून बसलो.
बुडबुडे.
बुडबुडे.
एक मोठा, म्हशीच्या डोळ्यासारखा.
मग बारीक, मोहरीएवढे.
मग नुसतं डिझेल, सरळ, मनगटावरून कोपरापर्यंत.

तिसऱ्या सेल्फला लागली.
"आता सुरतेपर्यंत बंद करायची नाही," मी म्हणालो.
"बस लवकर."

अजंगच्या अलीकडं, अडीच किलोमीटरवर,
सुपडू खिडकीबाहेर बघत म्हणाला,
"उस्ताद, दगडे उचलात ना?"

ते तुझं काम, मी म्हणालो.
तो म्हणाला, लवकर बस कोण म्हणालं?

पाळधीजवळ एकदा
मी कुणाचा तरी असा दगड पाहिला होता.
पुढं दहा हातांवर एक चप्पल.
एकच.
आणि दुधाच्या मोटारसायकली आता निघणार,
दोन्हीकडं कॅन, पुढं दिवा असला तर असला.

गाडी वळवायला जागा नाही, बंद करायची सोय नाही.
सुपडूचा पाय ॲक्सिलेटरवर ठेवला
आणि मी मागं चालायला लागलो.
एक जीप थांबली नाही.
मीही थांबलो नसतो,
लुंगीतल्या, डिझेलनं काळ्या माणसासाठी.

फांदीचा चुरा झालेला.
दगड तीन.
ओढले, निंबाच्या बुंध्याशी टाकले.
चौथा नाही. चारीत नाही, बांधावर नाही,
मोबाइलच्या उजेडात पळसाची सुकी पानं नुसती.
चप्पल मात्र कुठं नव्हती.
ते दोनदा बघितलं.

मग आणखी मागं एक मोसंबीचा टेम्पो दिसला,
जॅकवर तिरका.
पुढच्या चाकाला माझा दगड.
पोरगा विशीचा, पान्यावर उभा राहून उड्या मारत होता,
नट हलत नव्हता.
आम्ही दोघं उभे राहिलो. हलला.

चाक बसल्यावर म्हणालो,
"निघताना तेवढा दगड..."
"टाकतो ना, काका."
मी वळून बघितलं नाही.
बघितलं. एकदा.
तो मोसंबी सोलत होता.

उजाडता उजाडता गाडीपाशी आलो.
धडधड चालू होती,
आणि ताडपत्रीखालून वास, गोड,
अगदी थोडा.

सुपडू तसाच, पाय दाबून, ताठ.
"पायले मुंग्या उनात, उस्ताद."
सरक, म्हणालो.