घाण्याचं लाकूड

वेंगुर्ल्याच्या कॉलेजात, बंदराच्या वाऱ्याला पाठ करून
एक खोली आहे. तिची चावी माझ्या कमरेला.
चोवीस पिंजरे, चार तेलं:
खोबरेल, शेंगदाणा, तीळ, करडई.
एकेकाच्या वाट्याला सहा पांढरे उंदीर,
शेपटीवर शाईची खूण.

सकाळी सातला मी खाणं कालवतो.
पीठ, कोंडा, मेणासारखी पांढरी पूड,
ती कोलेस्टेरॉलची, बाईंनी काट्यावर तोलून दिलेली,
आणि मग तेल.
बाटल्यांवर चिठ्ठ्या आहेत. मला लागत नाहीत.
आडनावाने तेली, आणि बापाचा घाणा होता उतारावर;
मी नाकाने वाचतो.

जानेवारीत एका पहाटे खोबरेल थिजलं.
बाटली काखेत धरून बसलो, पारा यावा तसा.
करडई त्याच फळीवर, त्याच गारठ्यात,
वाहती.

मधेच माझाही कागद आला कुडाळहून.
दोनशे अठ्ठेचाळीस.
डॉक्टर म्हणाले, खोबरं तोडा.
शेवंतीने कागद चुलीमागच्या खिळ्याला टोचला.
“डाक्टराक काय कळता?
खोबऱ्याबिगर आमटी म्हणजे न्हाणीतला पाणी.”
वाटण नेहमीएवढंच घातलं. नाही,
मूठभर जास्तच.

उंदरांना नाव द्यायचं नाही, असा नियम.
दिलं नाही.
फक्त करडईतला तिसरा
माझी चप्पल ओळखायचा.

आठवा आठवडा संपला त्या दिवशी
मी ट्रे धरला आणि खिडकीकडे बघितलं.
आधी रक्त, मग यकृतं, बशीत, आकड्यांसकट.
दोन दिवसांनी कागदावर उतरलं:
खोबरेलवाल्यांचं रक्त भरलेलं,
करडईवाल्यांचं निवळ.
म्हटलं, झालं. कुडाळचा डॉक्टर जिंकला.

पण बाईंनी करडईची बशी उजेडात धरली.
यकृत फिकट, पिवळसर,
चिमट्याला ओशट लागणारं.
“रक्तातून गेलं, तर मग गेलं कुठे, बाई?”
“काही पित्तातून बाहेर पडलं असेल, तेली.
काही गेलंच नाही. घर बदलून बसलंय.”
“आणि माणसात?”
“हे सहा उंदरांचं आहे,” त्या म्हणाल्या,
“माणसाचं मला विचारू नका,”
आणि हात धुवायला गेल्या. बराच वेळ धूत होत्या.

बाप रात्री चिमणीखाली वही मांडायचा.
खोबरं इतकं. तेल इतकं. पेंड इतकी.
बेरीज कधी बसली नाही.
दर खेपेला पावशेर, अर्धा शेर कुठेतरी कमी.
मला वाटे, बैल चाटतो. मला वाटे, गडी चोरतो.
बाप वही मिटून म्हणायचा,
“लाकूड पिता रे.”

घाणा बंद पडला त्याला एकतीस वर्षं.
खोड परसात, फणसाच्या बुंध्याशी आडवं.
इतके पावसाळे गेले त्याच्यावरून,
वाळवीने तोंड लावलं नाही.

घरी आलो तशी शेवंती म्हणाली,
“कोण जिकलो?”
म्हटलं, वही जुळत नाही.
तिने खिळ्यावरच्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे,
आणि आमटीखालचा जाळ ओढला.

मी मागच्या दाराने गेलो.
फाल्गुनाचं ऊन खोडावरून नुकतं उतरलं होतं,
लाकूड अजून कोमट.
हात टेकला, उगीच, जरा वेळ.
उचलला तेव्हा
तळवा चकाकत होता.