चौथी चौकट

कवळ्या बनवतो मी, चारकोपला, सेक्टर दोनमध्ये.
रात्री लॅबच्या जुन्या बिलबुकांच्या पाठीवर
चार चौकटी आखून
आजचा मी त्यात बसवतो:
टक्कल खरं, पोट जरा कमी.

काल भेंडीवरून झालेलं भांडण काढलं.
पहिल्या चौकटीत झाकण आपटलं,
दुसरीत वैजू,
तिसरीत शेवटचा शब्द माझा,
फुग्यात नीट मावलेला.

सकाळी बघतो तर फुगा खोडलेला,
तिच्या हिशेबाच्या पेनाने:
"हे तू म्हणालाच नाहीस. गप्प बसला होतास."
खाली बारीक अक्षरात,
"माझे पाय मात्र जमलेत."

चौथी रिकामीच राहिली होती. तिथे बाण काढून:
"इथे सहा-दहाचं पाणी. पिंप, बादल्या, मी.
तुला कुठून माहीत, तू घोरत असतोस."

खरंच की.
अकरा वर्षांच्या माझ्या या चित्रचरित्रात
पहाटेचे सहा-दहा
एकदाही वाजले नव्हते.

आज गजर लावून उठलो,
पेन्सिल घेऊन मोरीच्या दाराशी.
पाणी नेमकं उशिरा.
पिंपाशेजारी वैजू,
केस विंचरून,
ठेवणीतला गाऊन घालून
नळाकडे बघत उभी,
मी तिथे नाहीच अशी.