बावीस मिनिटं

गार्गीने हेडफोन चढवले माझ्या डोक्यावर,
म्हणाली, काका, चाल शोधू नका. ठेकाही नाही.
मग काय शोधू?
काहीच नको. बसा.

आधी तर काहीच नाही.
मग एक गुणगुण, फ्रिज आपला आपण चालू व्हावा तशी.
तिच्या पोटात दुसरी, केसभर वर.
दोघी एकमेकींना घासतात
आणि मधे काहीतरी हलतं
जे ना हिचं, ना तिचं.

एकतीस वर्षं सातपूरला
स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावून
मी बेअरिंगं ऐकली.
गोळी झिजली की वाळू चावल्यासारखं,
ग्रीस आटलं की कण्हणं.
आवाज म्हणजे तक्रार, एवढंच मला ठाऊक.
म्हणून पाचव्या मिनिटाला बोललोच:
डावीकडे काहीतरी सैल आहे.
आहे, ती म्हणाली. राहू दे तसंच.

राहू दे तसंच!
देवकुळे साहेबांनी अर्धा दिवस कापला असता.

पण राहू दिलं.
पुढे तांब्याचं काहीतरी आलं,
तांबट आळीतला एकच ठोका, म्हणे,
पण ताणून इतका लांबवलेला
की हातोडी खाली येईपर्यंत
मी रामकुंडावर जाऊन परत आलो असतो.
घाव पडलाच नाही.
त्याची वाट बघत माझी पाठ ताठ.

मग पाणी.
होळकर पुलाखाली गंगा फुगताना घुमते ना, तसं.
पाणी नाही काका, पंखा आहे. उलटा वाजवलेला.
असो.

मग एकेक काढून घेतलं गेलं,
शिफ्ट सुटताना लाईन बंद पडत जाते तसं,
लेथ, मिलिंग, सगळ्यात शेवटी कॉम्प्रेसर,
आणि उरली एक बारीक शिट्टी.
उंच. न हलणारी.
हे झकास जमलंय, मी म्हणालो, हे शेवटचं.
कुठलं?
ही शिट्टी.
काका, संपून मिनिट झालं.

हेडफोन काढले. होतीच ती.
प्रेस शॉपची देणगी, अकरा वर्षं कानात मुक्कामाला.
डॉक्टर म्हणतात, सवय करा.
घरी सांगणं कधीच सोडलं,
दाखवणार काय?

गार्गी काही बोलली नाही.
लॅपटॉप ओढला, एक बटण फिरवत राहिली
आणि खोलीत एक सूर चढू लागला.
एवढा?
वर.
एवढा?
अजून. नाही, किंचित खाली.
हां.

तिने बटणावरचा हात काढला
आणि ऐकत बसली.