सोळा फेऱ्या

विट्यात, मायणी रोडला, पत्र्याच्या शेडमध्ये
आटपाडीच्या वडापची जीप जॅकवर.
मागचं एक चाक जमिनीला, एक हवेत.

टायरला खडूची रेघ, शाफ्टला दुसरी.
मी गोणपाटावर, गाडीखाली.
दस्तगीरचाचा चाक फिरवतात,
"एक टेकलंय, म्हणून दोन फेऱ्यांची एक धरायची.
झाली एक. किती?"
"पाच. आणि थोडं."
"थोडं म्हणजे किती?"

तिसरा हिस्सा? नाही, जरा पुढं.
दहावीत याच थोड्यानं
मला या गोणपाटावर आणून टाकलेलं.

चाचा काही बोलले नाहीत, फिरवत राहिले.
तोंडावर ग्रीसचा थेंब, तो पुसला असता तर मोजणी चुकली असती.
सोळाव्या फेरीला
दोन्ही रेघा निघाल्या तिथंच येऊन उभ्या.
"त्रेचाळीस."
"आता उरलं काही?"
काहीच नव्हतं.
क्राऊनला त्रेचाळीस दाते, पिनियनला आठ,
एकही बोल्ट न उघडता.

बजरंग नलवडेनं मिरजेच्या भंगारातून आणलेला डिफरन्शियल
पोत्यात बसून होता, नवरदेवासारखा.
"तसाच हाय की! झाकणाला बोल्टबी धाच."
चाचांनी त्याच्या भोकात बोट घातलं,
चष्मा खिशातच,
नखानं एकेक खाच चाचपली.
"एकोणीस. तुझ्या एक्सलला धा.
आन दाते एक्केचाळीसला नऊ.
खाचा जुळवल्या तरी सपाटीला पळंल, भिवघाटात रडंल.
चौदा माणसं कोन ढकलनार? तू?"

नलवडे बराच वेळ
त्या दोन सारख्या तोंडांकडं बघत राहिला.
"भाइरनं कळतच न्हाई," म्हणाला,
आणि चहा अर्धा टाकून उठला.

जुना एक्सल गोणपाटात गुंडाळून
मापाला म्हणून घेऊन गेला मिरजेला, एसटीनं.
माझंच गोणपाट.
कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं असणार.

दोन दिवस झाले.
जीप तशीच, मागून उचललेली, आतून रिकामी.
येता-जाता मी हवेतलं चाक फिरवतो.
आता त्याला कशाचीच मोजणी नाही,
नुसतं फिरतं, हलकं,
आणि रेघ दर वेळी
भलतीकडंच थांबते.