कड्यावरचा चुना

साडेसातला धाकलू झोरे म्हणाला,
आत्ता न्हाई उठायची ती.
खालचं वारं तापू दे, मग बघा.
मी दुर्बीण गळ्यात घालून
करवंदीच्या जाळीआड गोणपाटावर बसलो,
त्याने तंबाखू मळायला घेतली.

समोर मोरणेच्या खोऱ्यावर उभा कडा.
कपारीकपारीतून खाली ओघळलेला पांढरा चुना,
एकेका बिऱ्हाडाचा एकेक ओघळ.
धाकलू ओघळ बघून सांगतो
कुठलं घर नांदतं, कुठलं मोडलं :
ताजा दुधासारखा,
जुना राखेसारखा, वर वाळलेलं शेवाळ.
दुधाचे तीन.
राखेचे एकोणीसपर्यंत मोजले, मग सोडून दिलं.

पहिलं गिधाड साडेनवाला बाहेर आलं.
उघड्या मानेचं, खांद्यात डोकं घालून,
तलाठी कचेरीबाहेर ताटकळलेल्या म्हाताऱ्यासारखं.
पंख उघडून उन्हात वाळत घातले.
किती तरी वेळ.
उडालं असं म्हणता येणार नाही;
त्याने नुसता दगड सोडला
आणि वाऱ्याने ते उचलून घेतलं.
आधी सावली आली,
गोणपाटावरून, माझ्या गुडघ्यांवरून सरकत गेली.
मग ते. एकदाही पंख न मारता.

"म्हैस मेली की हाडकीवर टाकायची,"
धाकलू वर बघतच बोलतो,
"घरी येऊन पाय धुईस्तवर
आभाळातनं वावटळ उतरल्यागत यायची.
दुपारी निस्ता सांगाडा. वास म्हणून न्हाई.
आता कुत्री. ती जित्ती वासरंबी सोडत न्हाईत.
काय झालं असंल वो त्यांस्नी?"

बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्याची पिशवी घेऊन
हीच खोरी चढलो मी.
सुजेला, तापाला, लंगडणाऱ्या बैलाला
एकच बाटली. स्वस्त.
संध्याकाळपर्यंत जनावर पायावर उभं.
धाकलूची चांदरी तेवढी उठली नाही.
तिसऱ्या दिवशी हाडकीवर गेली
माझं औषध अंगात घेऊन.
किती उतरली होती रे त्या दिवशी?
"मोजली न्हाईत. भरपूर असलेलं कोण मोजतंय?"

मग मी सांगितलं त्याला.
बाटलीचं नाव, मूत्रपिंड, सगळं.
तो तंबाखू तशीच तळहातावर धरून बसला.
"तुमाला ठावं हुतं?"
नव्हतं.
पुढं कळलं, तेव्हा कपाटात अजून
दीड खोकं शिल्लक होतं.
ते कुठं गेलं, हे मी सांगितलं नाही.
त्याने विचारलंही नाही.

उतरताना त्याने माझी बाही ओढली.
तिकडं, उंबराच्या मुळीखाली, नवी कपार,
खाली बोटभर पुसटसं काही.
दूध म्हणायचं की राख?
आळीपाळीने दुर्बीण लावून बघितलं,
ऊन डोळ्यांवर येईपर्यंत भांडलो.

वहीत लिहिलं : तारीख, कडा, तीन.
चौथं आहे, असं धाकलूचं म्हणणं.